समोरच्यांचा लालभडक मेंदू

नंबरकाकांना तसं आयुष्यात काही कमी नव्हतं. गुडघे ठीक होते, पेन्शन वेळेवर येत होतं, लेक सासरी सुखात होती आणि जावई फोनवर थोडक्यात बोलत होता. दुःख म्हणाल तर एकच होतं, आणि ते जिन्याच्या पलीकडे, बरोबर समोरच्या दारात राहत होतं.

समोर इंजिनियर राहायचे. पाणीपुरवठा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, उंच, टकले आणि स्वभावाने अत्यंत प्रसन्न. हा शेवटचा गुण काकांना विशेष खुपायचा. माणूस खवचट असता तर त्याच्यावर जळायला निदान सबळ कारण तरी मिळालं असतं. दोन्ही कुटुंबं एकाच सुमारास इमारतीत राहायला आली होती आणि तेव्हापासून इंजिनियरांकडे जे जे नवं आलं ते ते काकांच्या पोटात दुखून गेलं होतं. त्यांच्या बाल्कनीला सरकत्या काचा बसल्या तेव्हा दुखलं. त्यांच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा तर अभिनंदन करताना काकांनी हात इतका जोरात दाबला की पोरगं कळवळलं.

या सगळ्यावर काकांपाशी एकच उतारा होता, तो म्हणजे स्मरणशक्ती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. अर्ध्या शहराचे नंबर त्यांना तोंडपाठ होते, म्हणून तर इमारतीने त्यांना नंबरकाका हे नाव दिलं होतं. वकील असो, डॉक्टर असो, बंद पडलेलं थिएटर असो, नाव काढायचा अवकाश की काका नंबर सांगत. त्यातल्या एकाही नंबरावर आता कोणी फोन उचलणार नव्हतं ही गोष्ट वेगळी. ‘समोरच्याकडे गाडी असेल हो, पण गाडीचा नंबर विचारा, खिशातून कागद काढून बघतो,’ असं ते काकूंना अधूनमधून सांगत आणि शांतपणे झोपत.

अशात एका सकाळी समोरून ठोकाठोकी ऐकू आली. काकांनी दार किलकिलं केलं. इंजिनियर स्टुलावर उभं राहून दिवाणखान्याच्या भिंतीवर एक चौकट टांगत होते. चौकटीत माणसाच्या डोक्याचं चित्र होतं आणि त्या डोक्याचा पुढचा सगळा भाग लालभडक होता.

“या या नंबरवाले!” इंजिनियर स्टुलावरूनच म्हणाले. “ओळखा पाहू कोण ते?”

“तुमचे वडील?”

“अहो, मी! माझा मेंदू!”

मग इंजिनियरांनी सगळी हकिगत सांगितली. मोठ्या इस्पितळाच्या मेंदू विभागात एक संशोधन चालू होतं. इंजेक्शन नाही, भूल नाही, कापाकापी नाही. डोक्यावर नुसती एक टोपी घालायची. टोपीला आतून बारीक बारीक दिवे. त्यांचा उजेड कवटीतून आत जातो आणि मेंदूच्या कुठल्या भागाकडे रक्त जास्त धावतंय ते पडद्यावर रंगांत दिसतं. धावलं तर लाल, निवांत असेल तर निळं. तेवढ्या वेळात आपण बसल्या बसल्या शब्द लक्षात ठेवायचे आणि आकडे उलटे म्हणायचे. पुढेमागे स्मृतिभ्रंश व्हायचा असेल तर त्याची चाहूल म्हणे माणसाला कळायच्या कितीतरी आधी त्या चित्राला लागते.

“मग तुमचं काय निघालं?” काकांनी आशेने विचारलं.

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात एवढं काम करणारा मेंदू क्वचित दिसतो.”

हे वाक्य दुपारपर्यंत तळमजल्यावर पोचलं तेव्हा इंजिनियरांचा मेंदू वयाने पाच वर्षं लहान झाला होता. संध्याकाळी तळमजल्यावरच्या वकिलांनी तो दहा वर्षांनी लहान केला. रात्री जेवताना काकू म्हणाल्या, “भावजींचा मेंदू म्हणे चाळिशीतल्या माणसासारखा आहे. नाहीतर तुम्ही. काल कपाळावरचा चष्मा फ्रिजमध्ये शोधत होता.”

“चष्मा ही वस्तू आहे,” काका म्हणाले. “ती हरवण्यासाठीच असते.”

पण काकांनी ताट बाजूला सारलं. काचा, गाडी, शिष्यवृत्ती, सगळं ठीक होतं. पण मेंदू? मेंदू हा काकांचा प्रांत. त्यात हा टकल्या घुसला होता आणि वर पुरावा भिंतीला टांगून बसला होता. त्यातून दोघांची दारं अशी समोरासमोर की दूध घ्यायला दार उघडलं तरी आधी तो लालभडक मेंदू दिसायचा. काकांनी तिथल्या तिथे ठरवलं, आपणही टोपी घालायची, आणि याच्यापेक्षा लाल चित्र आणून दाखवायचं.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण काकांनीच ती पसरवली. लगेच सल्ले सुरू झाले. वकील म्हणाले, “आत शिरण्यापूर्वी लेखी हमी घ्या, मेंदू जसा नेला तसाच परत मिळेल म्हणून.” कोपऱ्यावरच्या शिंप्याने टोपी नीट बसावी म्हणून फीत काढून डोक्याचं माप घेतलं आणि सहज म्हणाला, “इंजिनियर साहेबांचं डोकं तुमच्यापेक्षा अर्ध्या इंचाने मोठं आहे.” काकांनी त्यानंतर त्याच्याकडे कपडे टाकणं बंद केलं. काकूंच्या बहिणीने फोनवरून बदाम सांगितले, काकूंनी अक्रोड आणले, आणि दोन्ही मिळून काकांचं पोट बिघडलं ते निराळंच.

इस्पितळात नोंदणीच्या खिडकीपाशी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “तक्रार काय?”

“तक्रार काहीच नाही.”

“मग आलात कशाला?”

“माझा मेंदू उत्तम आहे. तो तपासून घ्यायचाय.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आजोबा, इथे तक्रारीचा रकाना आहे. उत्तमचा रकाना नाही. विसरता असं लिहू का?”

आजोबा हा शब्द काकांना झोंबला. “विसरतो? मी? या इस्पितळाचा जुना नंबर सांगू? त्याच्या आधीचा सांगू?” आणि त्यांनी दोन्ही सांगितले. बाई शांतपणे म्हणाल्या, “जुनं आठवतं, नवीन विसरतं. असं लिहू?”

काकांचा अगदी तिळपापड झाला. शेवटी बाईंनीच मार्ग काढला. ज्याला स्वतःची तक्रार नाही त्याच्या सोबतीच्या माणसाने तक्रार मांडली तरी चालत होतं. हे ऐकताच मागे बाकावर बसलेल्या काकू उठल्या, खुर्ची खिडकीशी ओढली आणि पर्स मांडीवर घेऊन ऐसपैस बसल्या. लग्न झाल्यापासून त्या बहुधा अशाच एखाद्या कचेरीच्या शोधात असाव्यात. ओला टॉवेल पलंगावर टाकतात इथपासून सुरुवात झाली. साबण आणायला पाठवलं तर मेणबत्त्या आणतात. माझ्या बहिणीला दरवेळी तिच्या जावेच्या नावाने हाक मारतात. मी सांगितलेलं ऐकू येतं, पण ऐकलेलं आठवत नाही. रकाना भरला तेव्हा बाईंनी आपणहून एक कोरा कागद मागे जोडला आणि म्हणाल्या, “सावकाश सांगा, घाई नाही.”

पुढची पायरी टोपीची. तिथला तंत्रज्ञ पोक्त आणि खणखणीत आवाजाचा माणूस होता. त्याने काकांच्या डोक्यावर टोपी चढवली, पडद्याकडे पाहिलं, टोपी काढली, काकांचे केस बोटांनी विंचरले आणि भरल्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “केसांना कलप लावता का?”

काका गेली कित्येक वर्षं कलप लावत होते आणि ही गोष्ट जगाला माहीत नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. “छे, छे,” ते म्हणाले.

“लावतात,” काकूंनी साक्ष दिली. “महिन्याच्या महिन्याला. न्हाणीघराची फरशी बघायला या.”

“मग उजेड आत जाणार नाही,” तंत्रज्ञ म्हणाला. “केस तरी काढा, नाहीतर रंग जाईपर्यंत थांबा. टक्कल असलेल्या लोकांचं बरं असतं, त्यांचं चित्र फार सुरेख येतं.”

म्हणजे इथेही इंजिनियर पुढे! निसर्गानेच त्या माणसाची तयारी करून ठेवली होती. काका पुढची तारीख घेऊन तिथून थेट केशकर्तनालयात गेले आणि डोळे मिटून बसले. गुळगुळीत होऊन घरी आले तेव्हा काकूंनी आधी दार उघडलं, मग ओळखलं, मग बराच वेळ हसल्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी हळूच विचारलं, “उवा झाल्या होत्या का?” पण खरा अपमान पुढेच होता. आता मागून ते इंजिनियरांसारखे दिसू लागले. जिन्यात मागून कोणीतरी प्रेमाने म्हणायचं, “नमस्कार साहेब! काय म्हणतोय मेंदू?” काका वळायचे, आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं प्रेम बघता बघता उतरायचं. “अच्छा, तुम्ही होय,” असं म्हणून माणूस पुढे जायचा.

इतकं झाल्यावर हार पत्करणं शक्यच नव्हतं. चित्र लालभडक यायचं तर उत्तरं बरोबर यायला हवीत, आणि उत्तरं बरोबर यायची तर प्रश्न आधी कळायला हवेत. हा सरळ हिशोब मांडून काका मान खाली घालून समोरच्या दारात उभे राहिले. इंजिनियरांकडे काही मागायची ही त्यांची पहिलीच वेळ.

“साहेब, ते शब्द कुठले विचारतात हो?”

त्यांना वाटलं होतं, इंजिनियर हसतील, उपदेश करतील. पण इंजिनियरांचा चेहरा एकदम उजळला. “तुम्ही माझ्याकडून पाठ म्हणून घ्याल का? मलाही परत बोलावलंय. तुमच्याच तारखेला. माझ्या मेंदूचा त्यांना आणखी अभ्यास करायचाय.”

परत बोलावलंय! काकांना पुन्हा एक कळ आली. पण पेपर फुटत होता, तेव्हा कळ सोसणं भाग होतं. तेव्हापासून रोज सकाळी गच्चीवर दोन टकली माणसं कठड्याला टेकून पाठांतर करू लागली. छत्री, घोडा, लिंबू, पंखा, दोरी, शिडी आणि पुढचे. मग आकडे उलटे. इंजिनियरांनी सगळं एका कागदावर बायकोकडून लिहवून आणलं होतं. तपासणीच्या वेळी ती शेजारच्या खुर्चीत होती आणि तिने ऐकलं होतं. काकांचं पाठांतर दुसऱ्याच दिवशी झालं. त्यांना शब्दांचं काय, प्रत्येक शब्दाला त्यांनी एकेक जुना टेलिफोन नंबर देऊन टाकला होता. इंजिनियरांची मात्र गाडी दोरीपाशी अडायची.

“छत्री, घोडा, लिंबू, पंखा, दोरी…” इंजिनियर म्हणायचे आणि थांबायचे.

“शिडी,” काका म्हणायचे. हा शब्द उच्चारताना त्यांना जो आनंद व्हायचा तो नोकरीत बढतीलासुद्धा झाला नव्हता. रोज शिडी अडत होती आणि रोज काका ती पुरवत होते. एकदा तर इंजिनियर किती वेळ कठडा घट्ट धरून नुसते समोर बघत राहिले. काकांनी मुद्दाम मदत केली नाही. हाच का तो चाळिशीतला मेंदू, असं मनात म्हणत ते उभे राहिले आणि घरी येऊन काकूंना म्हणाले, “समोरच्याच्या मेंदूत काही दम नाही. मी शिकवतोय म्हणून निभेल.”

काकू म्हणाल्या, “तुम्ही भावजींना शिकवताय? की ते तुम्हाला?” काकांनी वर्तमानपत्र उघडलं.

तपासणीच्या दिवशी दोन्ही जोडपी एकत्रच निघाली. गाडी खाली झाकून ठेवलेली असताना इंजिनियरीणबाईंनी टॅक्सी बोलावली होती. असते एकेकाची मिजास, असं काकांना वाटलं. वाटेत इंजिनियर ओठ हलवत यादी पुटपुटत होते, आणि आता शिडीपाशी अडत नव्हते. काका खिडकीतून बाहेर बघत चौकट कुठल्या भिंतीला लावायची ते ठरवत होते. समोरचं दार उघडल्या उघडल्या दिसेल अशीच एक जागा होती. तिथे सध्या लेकीच्या लग्नाचा फोटो होता, पण तो काय, स्वयंपाकघरातही चालला असता.

आधी काकांचा नंबर लागला. टोपी घट्ट बसली, तारा जोडल्या गेल्या. डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी एकेक शब्द सावकाश वाचला. थोडं थांबून त्यांनी विचारायला तोंड उघडलं आणि काकांनी छत्रीपासून शेवटापर्यंत गाडी एका दमात नेऊन उभी केली. आकडे तर त्यांनी उलटे म्हटले, सुलटे म्हटले, आणि मागितलं नसताना पुन्हा उलटे म्हटले. मग ऐटीत मान वळवून पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरचं डोकं पुढून मागून, डावीउजवीकडे, सगळं निळं होतं.

“लाल कुठाय?” काका म्हणाले.

डॉक्टरीणबाई पडद्याकडेच बघत होत्या. “काका, उत्तरं सगळी बरोबर आहेत तुमची. पण मेंदू जागचा हललेला नाही. असं मी कधी बघितलं नाही. तुम्ही जरा बाहेर बसा, मला विचार करू द्या.”

काका बाहेर येऊन बाकावर बसले. जागचा हललेला नाही म्हणजे काय? बंद पडला? आत इंजिनियरांना टोपी चढवायला नेलं होतं. काकू पाणी आणायला गेल्या होत्या. बाकावर दुसऱ्या टोकाला इंजिनियरीणबाई एकट्याच बसल्या होत्या. त्या सरकून जवळ आल्या.

“काय आलं, भावजी?”

“निळं,” काका मेल्यासारखे म्हणाले. “सगळं निळं.”

“नशीबवान आहात.”

काकांना वाटलं चेष्टा करताहेत. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

“लाल चांगलं नसतं, भावजी,” त्या म्हणाल्या. “छत्री-घोडा एवढं लक्षात ठेवायचं, त्याला यांच्या मेंदूला धाप लागत होती. डॉक्टरीणबाई हेच म्हणाल्या होत्या, साध्या शब्दांसाठी एवढं काम करणारा मेंदू या वयात क्वचित दिसतो. यांनी त्यातलं आपल्याला हवं तेवढंच घरी आणलं. गेल्या महिन्यात बाजारातून येताना यांना आपली इमारत सापडेना. तेव्हापासून गाडीची किल्ली मी लपवलीय. आज परत लाल आलं तर उपचार सुरू करू म्हणाल्यात. हे म्हणतात, लाल येऊच द्यायचं नाही. म्हणून तर गच्चीवर जायचे. तुमचे फार उपकार आहेत हो, रोज वेळ काढून म्हणून घेतलंत.”

काकांना काय वाटलं ते इथे लपवण्यात अर्थ नाही. आधी आनंद झाला. अगदी क्षणभर, पण झाला. इंजिनियरांचा मेंदू तरुण नव्हता, चित्राची ऐट खोटी होती, आणि आपण इतके दिवस उगीचच जळत होतो. मग तो आनंद तसाच अडकून बसला आणि पाठोपाठ कठडा धरून उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आला. शिडी आठवत नव्हती तेव्हा त्या माणसाला काय वाटत असेल? आणि आपण शेजारी उभं राहून मजा बघत होतो. आता काकांना आपल्या निळ्या चित्राचाही उलगडा झाला. पाठ असलेली गोष्ट म्हणायला मेंदू कशाला उठतो? तो झोपून राहतो. गेले कित्येक दिवस त्यांनी स्वतःच इंजिनियरांच्या मेंदूला निळा रंग फासला होता. आज चित्र छान येणार होतं, आणि उपचार सुरू होणार नव्हते.

आत जाऊन सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण काकांचे पाय उठेनात. सांगितलं तर उद्या सगळी इमारत काय म्हणेल? जळले. समोरच्याचं चांगलं झालेलं यांना कधी बघवलं नाही, आज भर इस्पितळात चहाडी केली. काकूसुद्धा हेच म्हणतील. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते खोटं आहे असं काकांना स्वतःला छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. आयुष्यात एकदा तरी मत्सर बाजूला ठेवून काही करायची वेळ आली होती आणि मत्सर काही बाजूला सरायला तयार नव्हता. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, “छत्री… घोडा…”

काका उठले आणि दार ढकलून आत गेले.

“थांबवा,” ते म्हणाले. “हे सगळं त्यांना पाठ आहे. मलापण. महिनाभर घोकलंय आम्ही.” आणि पुरावा म्हणून त्यांनी सगळे शब्द तिथल्या तिथे म्हणून दाखवले.

डॉक्टरीणबाई थक्क झाल्या. तंत्रज्ञाचे हात तारांवरच थांबले. इंजिनियर टोपीसकट उभे राहिले, सगळ्या तारा ताणल्या गेल्या आणि यंत्र कर्कश वाजायला लागलं.

“अरे जळक्या!” इंजिनियर ओरडले. इतक्या वर्षांत त्यांनी काकांना पहिल्यांदाच अरे म्हटलं होतं. “मला ठाऊक नाही होय? पहिल्या दिवसापासून जळतोस तू माझ्यावर!”

“जळतो,” काका म्हणाले. “तुमच्या काचांवर जळलो, गाडीवर जळलो. त्या लाल चित्रावर तर आत्ता बाहेर बाकावर बसेपर्यंत जळत होतो. आत आलो त्यातही थोडं तेच असेल. पण साहेब, तुम्ही तुम्ही राहिला नाहीत तर मी जळू कोणावर?”

तंत्रज्ञाने यंत्राचा आवाज बंद केला. इंजिनियर तसेच उभे होते. मग त्यांच्या बायकोने आत येऊन त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

“आमच्याकडे शब्दांची यादी एकच आहे,” डॉक्टरीणबाई थोड्या वेळाने ओशाळून म्हणाल्या. “चूक आमचीच. पण मेंदूच्या तपासणीत कॉपी कोणी करेल असं वाटलंच नव्हतं.” त्यांनी खिडकीबाहेर बघून नवे शब्द लिहिले आणि दोघांची तपासणी पुन्हा झाली. इंजिनियरांचं चित्र पूर्वीपेक्षा लाल आलं, आणि शब्द चारच आठवले. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात हातात घेऊन समजावलं, की हे मुळापासून बरं होईल असं वचन त्या देणार नाहीत, पण इतक्या लवकर कळलंय की पुष्कळ काही सांभाळता येईल. गोळ्या, चालणं, ऐकू कमी येतं त्यासाठी कानाचं यंत्र, रोज माणसांशी बोलणं. इंजिनियर ऐकत होते, पण बघत भिंतीकडे होते.

काकांचं चित्र थोडं लाल, थोडं निळं आलं. “कसं आहे?” त्यांनी विचारलं.

“वयाला साजेसं.”

“म्हणजे विशेष काही नाही?”

“विशेष काही नाही, हेच तर चांगलं.”

एवढ्यासाठी माणसाने डोकं भादरून घेतलं होतं. काकूंनी ही बातमी इमारतीत ज्याला त्याला सांगितली. “साधाच आहे हो यांचा. काळजीचं कारण नाही.” वकिलांनी मात्र पायरीवर बसून निकाल दिला की हे प्रकरण उघड उघड मत्सराचं आहे. शिंपी तेच म्हणाला. काकांनी प्रतिवाद केला नाही. समोरच्या भिंतीवरची चौकट उतरली होती आणि तिथे नुसता खिळा दिसत होता. त्या रिकाम्या भिंतीकडे बघून काकांना बरं वाटायला हवं होतं, पण काही केल्या वाटेना.

इंजिनियर बोलेनासे झाले. जिन्यात समोरासमोर आले की तोंड फिरवायचे. काकू मात्र रोज संध्याकाळी त्यांच्याकडे गरम गरम सूप घेऊन जायच्या, तासभर गप्पा मारून यायच्या आणि भावजी किती धीराने घेतात त्याचं वर्णन करायच्या. काकांच्या वाट्याला त्याच पातेल्यातलं उरलेलं सूप यायचं. यावरही आपण जळतोय हे लक्षात आल्यावर काकांनी स्वतःला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी दिली आणि सूप प्यायले.

असेच बरेच दिवस गेले. एका सकाळी बेल वाजली. काकांनी दार उघडलं तर समोर इंजिनियर, दाढीबिढी करून, कानात नवं यंत्र, चेहऱ्यावर तेच जुनं प्रसन्न हसू.

“चला नंबरवाले, गच्चीवर. ऊन चढायच्या आत.”

काकांना इतका आनंद झाला की ते चप्पल न घालताच निघाले. पण एक मजला चढेपर्यंत तो आनंद ओसरला. हा माणूस रागावलेला होता. जन्मात तोंड बघणार नव्हता. आज असा हसत आला, जणू काही झालंच नव्हतं. म्हणजे ते सगळं त्याच्या डोक्यातून पुसून गेलं? एवढं मोठं भांडण गेलं, तर मग राहिलं काय? इंजिनियरांचं प्रसन्न हसू काकांना आजवर कधी इतकं नकोसं झालं नव्हतं. त्यांना वाटलं, याने आत्ता वळून आपल्याला दोन शिव्या घालाव्यात.

गच्चीवर दोघं कठड्याशी उभे राहिले. खाली कचऱ्याची गाडी आली होती.

“साहेब,” काकांनी चाचरत विचारलं, “मध्यंतरी आपलं बोलणं बंद होतं, नाही का?”

इंजिनियरांनी त्यांच्याकडे पाहिलं. “बोलणं बंद? कोणाचं?”

“आपलं दोघांचं.”

“छे! आपलं कशाला बंद असेल?”

काकांनी पटकन तोंड दुसरीकडे वळवलं. कचऱ्याची गाडी त्यांना नीट दिसेना. मग शेजारून आवाज आला.

“‘तुम्ही तुम्ही राहिला नाहीत तर मी जळू कोणावर.’ बायकोसमोर, डॉक्टरीणबाईंसमोर, माझ्या डोक्यावर ती टोपी असताना. हलकट माणसा, हे मी विसरेन असं वाटलं तुला?”

काका गर्रकन वळले. “मग आत्ता छे का म्हणालात?”

“जरा तुझं तोंड बघायचं होतं. घाबरलास ना? घाबर. मी महिनाभर रोज घाबरत होतो, आणि तू शेजारी उभा राहून हसत होतास. तेही आठवतंय मला.”

“माफ नाही केलंत?”

“मुळीच नाही,” इंजिनियर म्हणाले. “आणि उद्या वेळेवर ये. डॉक्टरीणबाईंनी रोज कोणाशी तरी बोलायला सांगितलंय. तुझ्याशी भांडायचं म्हटलं की डोकं चांगलं चालतं.”

काका दोन दोन पायऱ्या उतरत घरी आले. काकू चहा गाळत होत्या. काका दारातच ओरडले, “अगं, तो अजून भडकलेला आहे माझ्यावर! शिव्या घातल्या मला, अरेतुरे केलं, माफ करणार नाही म्हणाला!”

“मग हसताय काय?” काकू म्हणाल्या. “आणि डोळे का पुसताय?”

“शब्दन् शब्द आठवतोय त्याला,” काका म्हणाले.